दुसरी फेरी

जानेवारीत तार्तूला
सकाळी साडेआठलाही रात्रच असते.
माइमू काल्लास्ते शीतखोलीत शिरते,
अंगात मुलाचा जुना स्वेटर, कोपरावर उसवलेला.
आत चार अंश, बाहेर उणे सतरा.
"म्हणजे आत उबदारच," ती म्हणते.
विनोद बावीस वर्षांचा झालाय.
उर्मास अजून हसतो.

आठ लिटर यीस्ट फोडून
हाती येतं चमचाभर पिवळट पाणी,
त्यात केंद्रकातलं सगळं बिऱ्हाड.
चुंबकी मण्यांना डीएनए बांधलाय,
एका जनुकाचा उंबरठा तेवढा.
प्रश्न साधा, निदान कागदावर:
एक प्रत उतरली,
उतरवणारा पुढे निघून गेला,
मग दाराशी कोण थांबतं?
की दर खेपेला नव्यानं हाकारे,
नव्यानं मांडामांड?

घड्याळ बघून ती सार्कोसिल घालते,
साबणासारखं काहीतरी, थेंबभर.
जे निघालेत ते पोचतात.
नवं कुणी निघत नाही.
ही पहिली फेरी.
शेजारच्या नळीत मणी चुंबकानं ओढून
तीनदा धुतलेले, मग ताजा माल.
दुसरी फेरी व्हायला हवी.
सहा आठवडे फिल्मवर
तिथे नुसतं धुकं.

घरी रविवारी
ती राईचं पीठ मळायला घेते.
लाकडी काथवट सासूची.
"ही धुवायची नाही हं,"
सासूनं पहिल्याच दिवशी बजावलेलं.
फटींत वाळलेलं जुनं पीठ
पुढच्या पावाचं विरजण.
एकदा, नवी नवरी असताना,
माइमूनं ती घासून लख्ख केली होती.
तो पाव विटेसारखा झाला.
नवरा चावत राहिला, बोलला नाही काही.

हात पिठात तसेच.
मग एकदम:
मीठ.
मी मीठ फार घालतेय धुताना.

सोमवारी अर्धंच मीठ. मंगळवारी डार्करूम.
ओल्या फिल्मवरून पाणी निथळतंय
आणि सातव्या रांगेत
काळी, जाड, बेशरम रेघ.
पहिल्या फेरीला लागली होती दहा मिनिटं.
दुसरीला दोनही नाहीत.
कुणीतरी दाराशी उभंच होतं,
आम्हीच हाकलत होतो.

उर्मास ओरडतो, प्राध्यापकांना फोन लावतो.
ती फिल्म क्लिपला अडकवते,
कोपऱ्यात पेन्सिलनं तारीख घालते,
आणि बर्फाची बादली घेऊन निघते.
"कुठे?"
"एकदाच झालंय," ती म्हणते.
"अजून दोनदा व्हायला हवं."