दरसाल थोडी कमी

आउस्मा आज आकाश बघायला आलेली नाही.
बाल्टिकच्या काठी, पाइनच्या रानात
लष्कर सोडून गेलं ती जुनी थाळी,
तिलाच तपासायला आलीय.

आधी कर्ण्यासमोर काळा स्पंज धरायचा,
खोलीइतकाच उबदार. काटा चढतो.
स्पंज काढला की मागे थंड आकाश,
काटा उतरतो.
या दोन आकड्यांच्या फटीतून कळतं
यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती.
"माणसांसाठी निघायला हवा होता असा स्पंज,"
इमांट्स म्हणायचा,
आणि थर्मासमधला चहा फक्त स्वतःला ओतायचा.

मग शर्मिष्ठेतला तो अवशेष,
कधीकाळी फुटलेल्या ताऱ्याचा.
इथे तो मावळत नाही.
थाळी त्याच्या वाटेवर पुढे नेऊन थांबवायची,
ब्रेक लावून हात काढून घ्यायचे.
पृथ्वी फिरते, तो आपणहून येतो,
पडद्यावर एक टेकडी चढते, ओसरते.
उंचीवरून कळतं आलं किती,
रुंदीवरून नजर किती धारदार.

शंभरातले चोपन्न.
बाकीचे कडेवरून सांडले,
खांबांच्या सावलीत अडले,
काही त्या पत्र्यावर, जो गेल्या हिवाळ्यात
बर्फ काढताना कुणाच्या तरी फावड्याने चेपला.
(कुणाच्या ते आउस्माला ठाऊक आहे.)
तारा रानाच्या शेंड्यांकडे उतरला की एकोणपन्नास.
थाळी कलली की लोखंड स्वतःच्याच वजनाने वाकतं,
नखाच्या जाडीएवढं. तेवढं पुरतं.

टेकडी मात्र जुन्या कागदावरच्या टेकडीहून बुटकी.
ती घाबरली नाही.
वहीच्या पहिल्या पानावर इमांट्सचं तिरकं अक्षर:
"शर्मिष्ठेतली ही दरसाल थोडी विझते.
आधी तिची घट धरा.
मगच थाळीला बोल लावा."
तिने घट धरली.
सत्तावीस वर्षांची, शेकड्यात दशांशांनी.

रविवारी ती त्याच्याकडे जाते, लिंगनबेरीची बरणी घेऊन.
त्याला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही,
उजव्याने निवडक.
"किती आले?"
"चोपन्न."
"चौतीस?"
"चोपन्न!" शेजारचं कुत्रं भुंकतं.
तो खिडकीबाहेर बघत राहतो बराच वेळ.
"घट धरून, की तशीच?"
"धरून."
"मग ठीक," म्हणतो,
आणि चहा ओततो,
फक्त स्वतःला.