काडेपेटीतली दाढ

डोम्नाने काडेपेटी उघडली.
आत कापसावर एक दाढ,
तिच्या एकशिंगी रेनडिअर मादीची.
बारा हिवाळे पाहिलेली.
"नीट परत आण," एवढेच म्हणाली.

लुंडला नेऊन मी ती कापली,
केसाएवढी पातळ चकती.
क्ष-किरणांचा झोत तिच्यावरून चालला
रात्रभर, मुंगीहून बारीक पावलांनी,
आणि ज्या ज्या अणूला धक्का लागला
त्याने मुकाट आपले नाव सांगितले.
कॅल्शियम, कॅल्शियम, जस्त,
पुन्हा कॅल्शियम.
पहाटे साडेतीनला, कॉफी गार झालेली,
सातव्या हिवाळ्याच्या रेघेत
निकेल.

पडद्यावर मी त्याला लाल केले.
रंग माझा. निकेल तर
दगडफुलावर येऊन बसते तेव्हाही दिसत नाही,
बर्फ उकरून कुणी ते दगडफूल खुडते
तेव्हाही नाही.

मार्चमध्ये तळ्याकाठी परतले.
डोम्नाने चष्मा न लावताच चित्र पाहिले,
बोटांच्या पेरांवर मागे मागे मोजत गेली,
लाल रेघेवर नख टेकले.
"त्या साली वारा उगवतीचा.
सीमेपलीकडच्या धुराड्यांचा वास
वाळत घातलेल्या चादरींना यायचा.
हिला वासरू झाले. उभे राहिले नाही."

हे माझ्या तक्त्यात
कुठल्या रकान्यात भरू?

उरलेली अर्धी दाढ तिने काडेपेटीत ठेवली,
कापूस सारखा केला,
मग तोंडात बोट घालून
स्वतःचा एक हलता दात
मला हलवून दाखवला.
"हा पडला की कळवते."