छाट

आज सहाला भोंगे बंद होणार
आणि माझ्या टॅबवर सातवा पर्याय फुगतच चाललाय:
‘अजून ठरलेलं नाही.’
एका फॉर्मचे अठरा रुपये.
पुण्याहून सुपरवायझरचा फोन येतो, इतके कसे रे?
जरा खोदून विचार, माणूस आतून ठरलेला असतो.

म्हणून खोदतोय.
अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत, भर दुपारी,
डोक्यावर ओला टॉवेल,
एक्सपोर्टमधून परत आलेला, एका कडेला शिवण चुकलेला.

गोवर्धन चिलवेरी लूम चालू असताना ऐकत नाही
आणि लूम बंद असताना बोलत नाही.
तरी म्हणाला, तिन्ही सभांना गेलो की मी.
तिन्हीकडची उपरणी होती घरात,
बायकोनं जोडून कूलरला झाकण शिवलं.
बघ, कसं मापात बसलंय.

चहाच्या गाड्यावर मौलाली बागवान:
माझं ठरलंय, पण सांगणार नाही.
कप विसळता विसळता त्यांचा पोरगा हळूच मला,
अब्बांचं काही ठरलं नाही हो,
न सांगायचं तेवढं ठरलंय.

पुढच्या गल्लीत दाराला टेकून एक बाई:
मतदान परवा ना? पाणीपण परवाच.
अकराला येतंय, एकला जातंय, परत पाच दिवस नाही.
रांगेत मी उभी राहू का घागर?
हे कुठल्या पर्यायात टाकायचं
ते मला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही.

मग बालमणी येमूल.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा,
नजर माझ्यावर आणि बोटं आपापली कामाला.
‘काय लिहूलालास?’
ठरलेलं नाही, असं लिहू का?
‘लिही. पण बसून आहे असं नको लिहू.’

दोन विड्या झाल्या मध्ये. मग म्हणाली,
‘रोज संध्याकाळी कारखान्यात चेकर बसतो.
कट्टा उचलतो, दाबतो, उलटा करतो.
ही सैल, ही फुगीर, हिचं तोंड उघडं.
हजारात साठ-सत्तर बाजूला,
त्याचे पैसे नाहीत.
सव्वीस वर्षं माझी छाट होते.
त्याला कुणी म्हणत नाही, आटप लवकर.
मला पाच वर्षांत एकदा कट्टा हातात मिळतो
आणि तू दारात उभा राहून म्हणतोस,
आत्ता सांग.’

फॉर्ममध्ये नव्हतं तरी मी विचारलं,
सगळ्याच सैल निघाल्या तर?

तिनं दोरा दातानं तोडला.
‘तर त्यातली कमी सैल.
माल कमी आला की चेकरपण तेच करतो.’
मग आतल्या सुनेला तेलुगूत काहीतरी म्हणाली,
दोघी हसल्या, बराच वेळ.
ते मी लिहून घेऊ शकलो नाही.

निघताना तिनं कोपऱ्यातल्या डब्यातून एक विडी दिली.
‘छाटातली आहे. पेटते.
फक्त सारखी ओढत राहावी लागते,
लक्ष गेलं की विझते.’

सहा वाजले. रिक्षावरचा भोंगा
‘बंधू आणि भगि’ म्हणून मध्येच तुटला,
आणि दिवसभर दबलेली लूमची खडखड
गल्लीगल्लीतून परत वर आली.
एक्केचाळीस फॉर्म, त्यातले चोवीस न ठरलेले.
फोन आला: ते चोवीस वाटून टाक बाकीच्यांत, प्रमाणात,
कोण बघतंय.

मी तसेच पाठवले.
चारशे बत्तीस रुपये कापतील बहुतेक.

माझी स्वतःची स्लिप पाकिटात आहे,
शाळेचं नाव, खोली नंबर तीन.
विडी मी ओढत नाही.
खिशात राहिली, सैलच होती,
घरी येईपर्यंत
तंबाखू सांडला स्लिपवर.