धाप लागते

सातपूरच्या प्लांटमध्ये मला दिलेलं काम
एका ओळीत मावतं : इकडचं तिकडे जोडायचं.
इकडे कंपनीची जुनी जोडयंत्रणा,
ऑर्डरी, बिलं, गेटपास, स्टोअरची मागणी,
सगळ्यांची पत्रं पोचवणारी
आणि एकही न वाचणारी.
तिकडे नवा व्हेक्टर डेटाबेस.
तो शब्द बघत नाही, शब्दाचा पत्ता बघतो,
आणि पत्ता सातशे अडुसष्ट आकड्यांचा.
पोस्टमनने पिशवी टाकून त्र्यंबकेश्वर गाठावं असा.

मधे मी, अर्धवट कनेक्टर,
आणि डिसेंबर, जो पत्र्याच्या शेडमध्ये
बाहेरच्यापेक्षा जास्त असतो.

आम्ही कॉम्प्रेसर बनवतो.
पिंपळगाव, दिंडोरी, ओझरच्या शीतगृहांत
द्राक्षं त्यांच्या भरवशावर झोपतात.
सव्वीस वर्षांच्या तक्रारी जमल्यात,
त्यातल्या निम्म्या सुकदेव खैरनारांच्या हातच्या.
खैरनार बागलाणातले.
'सक्शन प्रेशर कमी' असं त्यांनी कधीच लिहिलं नाही.
लिहिलं, मशीनला धाप लागते.
लिहिलं, पहाटे कण्हतं, ऊन आलं की गप्प.
एकदा लिहिलं, मालक म्हणतो ठीक आहे, मशीन म्हणतं नाही.

म्हणून 'सक्शन' शोधलं की खैरनार सापडत नसत.
होते, पण नसत.

मंगळवारी टोकनची मुदत संपली.
त्यानंतर जे झालं त्याला लॉगमध्ये नावही नव्हतं.
भामरे साहेब दर तासाला 'झालं का?' विचारायचे,
'जेवलीस का?' विचारावं तसं,
उत्तराची वाट न बघता.
शुक्रवारी रात्री कळलं :
आकडे निघत होते तीनशे चौऱ्याऐंशी,
खाचा होत्या सातशे अडुसष्ट.
निम्म्या मापाचा सदरा शिवून
आम्ही अंगालाच विचारत होतो,
का रे, बसत का नाहीस?

माप बदललं. सगळ्या तक्रारी पुन्हा ओतल्या.
पांडवलेण्याकडचे दिवे विरळ झाले तेव्हा
शेवटची तुकडी आत गेली.
मी टाइप केलं : सक्शन प्रेशर कमी.

सगळ्यात वर आलं,
मशीनला धाप लागते. पिंपळगाव. दोन हजार चार.
अंतर शून्य पॉइंट एकोणीस.
या दोघांची ओळख मी करून दिली नव्हती.
आपापल्या आकड्यांवरून चालत येऊन
ती शेजारी उभी राहिली होती.

सकाळी खैरनारांना फोन लावला.
आता मखमलाबादला असतात, लेकीकडे.
म्हटलं, काका, तुमचं लिहिलेलं आता सापडतं.
'बरं,' म्हणाले. मग थांबून,
'ते मशीन सुधारलं का पण?'

नोंदीच्या शेवटच्या रकान्यात
फक्त 'भेट दिली' होतं.
'भेट मीच दिली होती गं. व्हॉल्व्ह साफ केला.
पुढं काय झालं, ऑफिसातून कुणी कळवलंच नाही.'

इकडचं तिकडे जोडलं होतं मी.
तिकडचं इकडे कुणी मागितलंच नव्हतं.

दुपारी एक वाट जास्तीची टाकली,
आराखड्यात नसलेली, भामऱ्यांना न विचारता :
तक्रार मिटली की तिची खबर
ज्याने लिहिली त्याच्या फोनवर जावी.
मग पिंपळगावच्या शीतगृहाला विचारलं.
नंबर तोच होता, उचलणारा मुलगा नवा.

चाचणीचा पहिला निरोप मखमलाबादला गेला :
मशीन चालू आहे.
पहाटे अजून थोडं कण्हतं.