अकरा डॉलरचा कोंबडा

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पहाटे पाचला व्हॅन काढतो,
चौघांना दारातून उचलतो
आणि ओहायो नदीकाठच्या त्या बसक्या इमारतीत सोडतो,
जिथं रक्त बाहेर येतं, धुतलं जातं, परत घरी जातं.
चार तास लागतात.
पडूका गावात एवढ्या पहाटे चार तास घालवायला
दुसरी जागा नाही,
म्हणून मीही आत बसतो. कॉफी फुकट आहे. वाईट आहे.

चौथ्या खुर्चीत व्हर्लिन स्टबलफील्ड,
टगबोटीवरचा निवृत्त मेकॅनिक.
डावा हात यंत्राला दिलेला, उजव्यात पुस्तक.
कव्हर गेलंय, पाठीला निळी चिकटपट्टी.
आत लायब्ररीचा शिक्का, आणि परत करायची तारीख
इथल्या निम्म्या लोकांच्या जन्माआधीची.
दंड किती झाला असेल याचा हिशोब
ओडेसा प्रुइट दर बुधवारी नव्यानं करते
आणि दर बुधवारी तो वेगळा येतो.

आज कोंबड्याची गोष्ट.
परवाही कोंबड्याचीच होती.

फेरीवाला गावात येतो.
हवामान सांगणारा कोंबडा, किंमत अकरा डॉलर.
आरवला तर ऊन, गप्प बसला तर पाऊस.
कोंबडा आरवतच नाही.
तीन आठवडे सगळं गाव
कडकडीत उन्हात छत्र्या उघडून हिंडतं,
पाद्रीबुवा चर्चमागं गुपचूप होडी बांधायला घेतात,
आणि आपल्याला शेंडी लागली असं
एकही माणूस बोलून दाखवत नाही,
कारण अकरा डॉलर वर्गणी काढून दिलेले.

व्हर्लिन हे मृत्युपत्र वाचावं तसं वाचतो.
ताकास तूर लागू देत नाही.
छत्र्या यायच्या आधीच ओडेसाचे खांदे हलायला लागतात,
होडीला तिचं यंत्र बोंबलतं,
आणि थुई नावाची नर्स धावत येते:
हात हलवू नका म्हटलं ना,
मागच्या वेळीही इथंच, याच होडीला!
मग तीही उभी राहते,
पाद्रीबुवांना खिळे कमी पडेपर्यंत.

पलीकडे कॉर्बिन, सव्वीस वर्षांचा,
कानात नेहमी काहीतरी घातलेलं.
त्यानं एकदा मला व्हॅनमध्ये विचारलं,
यात एवढं काय आहे? घोडागाडीच्या काळातल्या थापा.
मला सांगता आलं नाही.
लाल सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालो,
बघ, त्या गोष्टींत सगळे फसतात,
पण मरत कुणी नाही.
आणि फसलेला माणूस दुसऱ्या दिवशी
त्याच दुकानात येऊन बसतो, उधारीवर.
तो काही बोलला नाही.
शुक्रवारी होडी आली तेव्हा
त्याचा एक कान मोकळा होता.

गोष्टीचं शेवटचं पान नाही. फाटलंय.
त्यामुळं शेवट ज्याचा त्याचा.
ओडेसाच्या शेवटात कोंबडा बहिरा निघतो.
थुई म्हणते, अकराच डॉलर? आमच्या आजोबांनी
हायफाँगमध्ये तो वीसला विकला असता,
आणि पुढच्या महिन्यात परत विकत घेतला असता पाचला.
कॉर्बिननं परवा सुचवलं, पाऊस येतो. खराच येतो.
सगळे गप्प झाले. मग व्हर्लिन म्हणाला,
पोरा, तुला डोकं आहे, ते यंत्रात जाऊ देऊ नकोस.

ते पान माझ्याकडं आहे.
दोन वर्षांपूर्वी मागच्या सीटखाली सापडलं,
विम्याच्या कागदांखाली ठेवलंय.
वाचलं. खरा शेवट बरा आहे,
पण ओडेसाच्या पासंगाला पुरत नाही,
आणि कॉर्बिनच्या तर नाहीच.

व्हर्लिन अधूनमधून विचारतो,
तुझ्या गाडीत एखादं पान बिन पडलेलं नाही ना रे?
मी आरशात त्याच्याकडं बघतो.
तोंडावरची माशी हलू देत नाही.
नाही बुवा, म्हणतो.
तो हं म्हणतो, खिडकीबाहेर बघतो,
आणि त्याचाही चेहरा
अगदी मृत्युपत्र वाचताना असतो तसा.