अठ्ठावीस

करावे गावात जनार्दन भोईरच्या दुकानात
सायकल उलटी टांगलेली,
आणि मी अजून तेवीसवरच अडून.
बारीक टायर, एकशे वीसची हवा,
पहाटे पाम बीचवर
सुरीला धार लावावी तसा आवाज.
तो आवाजच मला वेग वाटायचा.

"वेग नाय ताई तो.
रस्ता तुमच्या मनगटात शिरतोय."

मनगट.
मार्चमधला पुलाचा सांधा, सहा आठवड्यांचं प्लास्टर,
यातलं त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

मग बत्तीसच घाला, म्हटलं.
त्याने गल्ल्यातून पाचाचं नाणं काढलं,
चिमटा आणि टायर यांच्या फटीत धरलं.
अडलं.
"जाडी आपण नाय ठरवायची. ही फट ठरवते."
अठ्ठावीसला नाणं गेलं,
किंचित घासून.

हवा फक्त ऐंशी.
अंगठ्याखाली टायर दबला
पिकत आलेल्या पेरूसारखा,
आणि मला उगाच लाज वाटली,
वय कुणी मोठ्याने विचारल्यासारखी.

रविवारी त्याच सांध्यावरून गेले.
खाडीच्या चिखलाचा वास तेवढा आला.
घड्याळात बारा सेकंद कमी.
थांबून पुन्हा पाहिलं.

भोईरला फोन केला तर म्हणाला,
पुढच्या चाकातली अजून पाच उतरवा.