मागमूस

माझं काम सोपं आहे.
गाडी जाऊन आली की
रुंद दाताळं घेऊन गोठल्या तळ्यावर उतरायचं
आणि चाकांचे माग पुसायचे,
म्हणजे पुढच्या टेकला
बर्फ पुन्हा कोरा,
गाडी पुन्हा पहिली.
जाहिरातीत तिच्याआधी इथं कुणी आलेलं नसतं.

इनारीत जानेवारीचा उजेड
दहाला येतो, टेकत नाही, दोनला उठतो.
उणे अठ्ठावीस.
बॅटऱ्या आम्ही काखेत उबवतो.
दिग्दर्शक लोरेन्झ, श्टुटगार्टचा,
भुवया पांढऱ्या झालेल्या,
आमच्या भाषेतले दोनच शब्द शिकलाय:
अजून एकदा.

कॅमेरागाडी काळी, मुद्दाम निस्तेज,
नव्या गाडीच्या दारात तिची सावली दिसू नये म्हणून.
टपावर लांब हात,
हाताच्या टोकाला जायरोंत बसवलेला डोळा.
खाली बर्फाच्या गाठी, दात वाजतात, स्क्रू वाजतात,
डोळा ढिम्म.
फांदी हलते, घुबड हलत नाही.

ऊलामामाचं काम माझ्याहून जुनं.
गिरमिटानं भोक पाडायचं,
पट्टी सोडायची,
आणि ओरडायचं: पंचावन्न! बासष्ट!
ओढ्याच्या तोंडाशी एकोणचाळीस, तिकडे फिरकू नका!
तीन हिवाळे झाले, त्याचा उजवा हात थरथरतो.
हात थांबल्याशिवाय आकडा वाचता येत नाही,
आणि हात थांबत नाही,
म्हणून पट्टीला सुरीनं खाचा पाडल्यात.
अंगठ्यानं मोजतो. अजून चुकलेला नाही.

सातव्या टेकला वाऱ्यानं खुणेच्या काठ्या पाडल्या.
वाट दाखवायला मामाला मागच्या सीटवर बसवलं,
व्हेसाच्या शेजारी. त्याला धरायला मी.
व्हेसा दोन चाकं फिरवत डोळ्याला वळवतो,
पलीकडे हेन्रीका ती नवी राखाडी गाडी
चार मीटरांचं अंतर राखून पळवते,
जणू मधे दोरी बांधलीय.
ऐंशीचा वेग.
मामाच्या कपातली कॉफी आधी त्याच्या मांडीवर,
मग माझ्या बाहीवर,
मग छताला.
आणि पडद्यावर
क्षितिज, सुतानं आखल्यासारखं.

मामा पडद्याकडे बघत राहिला.
मग हाताकडे.
मग व्हेसाला म्हणाला,
"हे हाताला बसवता येतं का?"

व्हेसा हसणार होता.
मी पाहिलं, ओठ तिथवर आले होते.
मग त्यानं बटणावर बोट ठेवलं
आणि जायरो बंद केले.
पडदा उसळला: झाडं, तळं, राखाडी गाडी,
सगळं मामाच्या हातासारखं.
"बघ," तो म्हणाला, "हा काही स्थिर नसतो.
धक्का जेवढा इकडे, तेवढाच हा तिकडे हलतो.
दिवसभर."
मामानं विचार केला.
"मग दमत असेल."

टेक वाया गेला.
रेडिओवर लोरेन्झ: अजून एकदा.
उतरलो. दाताळं कुठे टाकलं होतं ते सापडेना.
मामानं पाडलेली भोकं तेवढी दिसत होती,
पुन्हा गोठलेली, काळी, गोल.
ती दाताळ्यानं जात नाहीत.
लोरेन्झ म्हणाला, असू दे,
घरी गेल्यावर मशीनवर पुसू.

दुपारी तीनला अंधार.
सामानाच्या खोलीत लेन्सा घामेजल्या,
व्हेसा त्यांना लहान मुलांसारखं
पिशव्यांत गुंडाळत बसला.
मामानं कप उजव्या हातात घेतला,
डावा त्यावर ठेवला,
आणि डावा हळूहळू
उलट हलवायला लागला.
जमेना. पुन्हा केलं.
थोडी सांडली.
कुणी काही बोललं नाही. हेन्रीकानं
त्याच्या कपात वरून ओतली, काठोकाठ,
तिलाही भीती म्हणून नाही.

रात्री बर्फ पडू लागला.
माझं काम फुकटात करतो.